अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये तिसऱ्या स्क्रीनवर मागच्या गाडीचं वजन चिकटतंय, आणि फोटो काढला की सगळं कोरं

कांदाचाळ_कोडर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण खळ्यावरचं काम सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

मी नाशिकला सिडकोत राहतो. बीएस्सी कॉम्प्युटर होऊन दोन वर्षं झाली. मामांचं पिंपळगाव बसवंतला कांद्याचं खळं आहे. लिलावात बोली लागली की शेतकऱ्याला सौदापट्टी मिळते, भरलेली गाडी भुईकाट्यावर जाते, मग आमच्या खळ्यावर माल खाली होतो, रिकामी गाडी परत काट्यावर जाते आणि शेवटी दिवाणजी हिशेबपट्टी करून देतात. इतकी वर्षं सगळं लाल चोपडीत चाललंय. गेल्या उन्हाळ कांद्याच्या वेळी मामा म्हणाले, "एवढा कॉम्प्युटर शिकलास, आपल्या खळ्याला एक अ‍ॅप करून दे की."

केलं. कोटलिनमध्ये, तीन अ‍ॅक्टिव्हिटी. म्हणजे तीन स्क्रीन. पहिली ‘सौदा’: शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, भाव. दुसरी ‘काटा’: भरलेलं वजन, रिकामं वजन, काटापट्टीचा फोटो. तिसरी ‘हिशेब’: निव्वळ वजन, रक्कम, प्रिंट. हमाली-तोलाई-वाराई कोणी भरायची हा वाद कृपया इथे काढू नका, तो बाजार समित्यांमध्ये पुरेसा झालाय.

तिन्ही स्क्रीनना एकच माहिती लागते, म्हणून मी कोटलिनचं एक ऑब्जेक्ट (फोनच्या मेमरीतली, सगळ्यांना सामायिक एकच वस्तू) केलं, नाव ‘चालूगाडी’. पहिली स्क्रीन त्यात भरते, दुसरी भरते, तिसरी वाचते. माझ्या फोनवर एकदम गुळगुळीत. मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी दिवाणजींना चहा सांगायला लावला, म्हणजे खूश होते.

चौथ्या दिवशी फोन आला, "इकडे ये, लगेच." गेलो. निफाडकडचे एक बाबा पट्टी हातात धरून उभे. पट्टीवर भरलेली गाडी ३,४६० किलो, रिकामी १,८६५, निव्वळ १,५९५. बाबा शांतपणे म्हणाले, "माझी पिकअप रिकामी १,७२० भरते. टाकी फुल असली तर पाच-दहा किलो इकडंतिकडं. १,८६५ माझ्या गाडीनं कधी भरलं नाही." काट्यावरची पट्टी बघितली, तर खरंच १,७२०. म्हणजे १४५ किलो कमी धरले. भाव १,४०० रुपये क्विंटल, बाबांचे २,०३० रुपये खाल्ले असते माझ्या अ‍ॅपनं. १,८६५ ही त्यांच्या आधी खाली झालेल्या पिकअपची रिकामी गाडी होती. रकान्यात आकडा आधीच दिसत होता, दिवाणजींना वाटलं कोणीतरी भरलाय, त्यांनी ‘पुढे’ दाबलं.

मामांनी बाबांना हात जोडले, पट्टी फाडली. तेव्हापासून फोन गल्ल्यात आणि चोपडी परत गादीवर.

दुसरी तक्रार: दिवाणजींचा फोन २ जीबी रॅमचा. काटापट्टीचा फोटो काढून परत आलं की काटा स्क्रीन उघडते, पण वर शेतकऱ्याचं नाव कोरं आणि भाव शून्य. रोज तीन-चारदा होतं म्हणतात. माझ्या ८ जीबीच्या फोनवर मी तासभर फोटो काढत बसलो, एकदाही झालं नाही. त्यांना वाटतं मी खोटं बोलतोय, आणि मला वाटतं ते चुकीचं बटण दाबतायत.

तिसरी बारीक आहे. भाव काटा स्क्रीनवरही बदलता येतो. माल खाली करताना भाव का बदलतो हा प्रश्न मला विचारू नका, त्यावरून मामांशी माझं वेगळं भांडण आहे. बदलून मागे आलं की सौदा स्क्रीनवर जुनाच भाव.

कोणी म्हणतं इंटेंट (पुढची स्क्रीन उघडायचा निरोप) वापर, कोणी व्ह्यूमॉडेल (स्क्रीनची माहिती मेमरीत सांभाळणारं), कोणी शेअर्डप्रेफरन्सेस (फोनवरची छोटी साठवण). नेमकं काय करू?

पंचवटी_एक्सप्रेस

ऑब्जेक्ट काढून टाक. डेटा क्लास (नुसती माहिती धरणारा साचा) कर, पार्सलेबल (पाठवता येईल असा) कर, इंटेंटला एक्स्ट्रा (सोबतची माहिती) म्हणून लाव, पुढच्या स्क्रीनवर काढून घे. फोटोचा बिटमॅप (उघडलेलं पूर्ण चित्र) पण त्यातच टाक. दहा मिनिटांचं काम आहे.

गंगापूर_रोडची_ताई

बिटमॅप इंटेंटमध्ये टाकू नकोस, हात जोडून सांगते. एका स्क्रीनकडून दुसरीकडे जाणारा इंटेंट अँड्रॉइडच्या बाइंडरमधून (निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेतून) जातो. त्याची जागा साधारण १ एमबी, आणि तीही एकट्या तुझ्या इंटेंटची नाही. त्या प्रोसेसचे (चालू असलेल्या अ‍ॅपचे) त्या क्षणी चालू असलेले सगळे व्यवहार त्यातच. १२ मेगापिक्सेलचा फोटो बिटमॅप म्हणून उघडलास तर ४,००० गुणिले ३,००० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, झाले ४८ एमबी. पिशवीत पोतं कोंबण्यातला प्रकार. अँड्रॉइड ७ पासून असं झालं की ट्रॅन्झॅक्शन-टू-लार्ज असा अपवाद येऊन अ‍ॅप सरळ पडतं.

फोटोसाठी टेकपिक्चर हे काँट्रॅक्ट वापर. आपण आधी फाइल करायची, तिचा पत्ता फाइलप्रोव्हायडरमार्फत कॅमेऱ्याला द्यायचा, कॅमेरा त्यात फोटो लिहितो आणि आपल्याला फक्त ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ सांगतो. फोटो स्क्रीनवरून स्क्रीनवर फिरवायची गरजच पडत नाही.

आता पार्सलेबलबद्दल. लहान माहितीला चालतं, पण तुझा तिसरा त्रास त्याने जाणार नाही. इंटेंटमधून जाते ती झेरॉक्स. काटा स्क्रीनने झेरॉक्सवर भाव खोडून नवा लिहिला म्हणून मूळ सातबारा बदलत नाही. आता तर तुझ्याकडे एकच ऑब्जेक्ट आहे, तरी जुना भाव दिसतो, कारण तू तो ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन पहिल्यांदा बनताना) वाचत असणार. मागे आल्यावर ऑनक्रिएट परत चालत नाही, ती स्क्रीन आधीच तयार होऊन खाली पडलेली असते. चालतं ते ऑनरिझ्यूम, म्हणजे स्क्रीन पुन्हा समोर येताना. तात्पुरतं तिथे वाचून चालेल, पण पूर्ण इलाज वेगळा.

व्ह्यूमॉडेलही तुला वाटतं तसं मदतीला येणार नाही. तीन अ‍ॅक्टिव्हिटींना तीन वेगवेगळी व्ह्यूमॉडेल मिळतात. एकाच अ‍ॅक्टिव्हिटीत तीन फ्रॅगमेंट (स्क्रीनचे भाग) असते तर एक वाटून घेता आलं असतं.

जुना_सातपूरकर

ताईंनी फोटोचं आणि झेरॉक्सचं नीट सांगितलं. मी दिवाणजींच्या बाजूने बोलतो, कारण ते बिचारे बटण बरोबरच दाबतायत.

२ जीबीच्या फोनवर कॅमेरा उघडला की त्याला ढीगभर मेमरी लागते. तेव्हा तुझं अ‍ॅप मागे गेलेलं असतं, अँड्रॉइड त्याची प्रोसेसच मारून टाकतं. हा बिघाड नाही, फोनची ठरलेली रीत आहे. मारताना ते एवढं लक्षात ठेवतं की कोणत्या स्क्रीन एकावर एक होत्या, त्या कोणत्या इंटेंटने उघडल्या होत्या, आणि प्रत्येकीने स्वतःहून जपायला दिलेलं बारीकसारीक काय होतं. फोटो काढून परत आलास की नवी प्रोसेस सुरू होते, वरची स्क्रीन पुन्हा बांधली जाते. सौदा स्क्रीन या वेळी उघडतच नाही, ती खालीच. मग तुझं ‘चालूगाडी’ कोण भरणार? ते नव्या प्रोसेसमध्ये नव्याने जन्माला आलेलं, नाव कोरं, भाव शून्य. ८ जीबीच्या फोनवर मारायची वेळच येत नाही म्हणून तुला कधी दिसलं नाही. व्ह्यूमॉडेलचंही हेच: फोन आडवा केला तर टिकतं, प्रोसेस मेली की तेही गेलं.

स्वतःच्या फोनवर बघायचं असेल तर असं कर. काटा स्क्रीनवर ये, होम दाब, लॅपटॉपवरून एडीबीने (फोनला आज्ञा द्यायचं साधन) ‘एडीबी शेल एएम किल’ आणि पुढे तुझ्या पॅकेजचं नाव. मग अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून परत उघड. नाव कोरं दिसेल. डेव्हलपर ऑप्शनमधलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ लावून समाधान मानू नकोस; त्यात स्क्रीन मरते पण प्रोसेस जिवंत राहते, तुझं ऑब्जेक्ट तसंच राहतं आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. सेटिंगमधून फोर्स स्टॉप केलंस तर अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होतं, तेही या कामाचं नाही.

आता बाबांच्या २,०३० रुपयांकडे येऊ. मला तो प्रकार कॅमेऱ्याहून जास्त लागला. ‘चालूगाडी’ हे नाव वाचलं आणि तिथेच थांबलो. दुपारी दोनला तुमच्या खळ्यावर एकच गाडी असते का रे? एक भरून काट्यावरून येतेय, दोन खाली होतायत, एक रिकामी होऊन परत काट्यावर गेलीय, आणि एकाचा ड्रायव्हर चहाला गेलाय म्हणून ती मध्येच अडकलीय. दिवाणजी एकीचं अर्धं भरून दुसरीचं सुरू करणारच. तुझ्या कोडला वाटतं जगात एका वेळी एकच गाडी असते. दर वेळी ऑब्जेक्ट पुसायला विसरलास म्हणून आकडा चिकटला असं तू म्हणशील, पण पुसलंस तर मधल्या गाडीचं अर्धं भरलेलं जाईल. दोन्हीकडून फजिती.

शेतकरी काट्यावर जाताना बाजार समितीची वही उचलून नेतो का? पट्टी नेतो. तिच्यावर नंबर असतो, बाकीचं वहीत. तसंच कर. ‘सौदा’ उघडताच रूमच्या (अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीच्या) टेबलात एक ओळ टाक, अर्धीमुर्धी असली तरी चालेल. टाकली की तिचा आयडी परत मिळतो. इंटेंटमधून पुढे जाईल तो एवढाच एक आकडा. काटा स्क्रीन त्या आयडीची ओळ वाचेल, त्याच ओळीत वजनं लिहील. हिशेब स्क्रीन तीच ओळ वाचेल. प्रोसेस मेली तरी इंटेंट परत मिळतो, त्यात आयडी असतो, ओळ डिस्कवर असते. व्ह्यूमॉडेल ठेवायचं असेल तर सेव्हडस्टेटहँडल (प्रोसेस मेली तरी टिकणारा कप्पा) घे, इंटेंटचे एक्स्ट्रा त्यात आपोआप येतात.

रूमची क्वेरी फ्लो (बदल सतत कळवणारा प्रवाह) म्हणून मागितलीस की टेबल बदललं रे बदललं नवी ओळ स्क्रीनवर येते. भावाचा त्रास तिथेच मिटतो, ऑनरिझ्यूमची खटपट नको.

दोन गोष्टी घाईत. ‘पुढे’ दाबायची वाट बघत लिहू नकोस, रकाना सोडला की लिही, आणि कॅमेरा उघडायच्या आधी तर नक्कीच. आणि रिकामं वजन भरलेलं नसेल तर टेबलात शून्य ठेवू नकोस, नल (काहीच नाही) ठेव, आणि ते नल असेपर्यंत हिशेबाचं बटण बंद. शून्य हे पण वजनच आहे, ‘अजून केलं नाही’ हे वेगळं.

कांदाचाळ_कोडर

सर, "जगात एका वेळी एकच गाडी" वाचून मी लॅपटॉप मिटून गच्चीवर गेलो. खरंच डोक्यात तेच होतं, कारण मी घरी बसून एकेक गाडी टाकून बघायचो.

एक शंका. आयडी वेगळा कशाला, गाडी नंबरच ‘की’ (ओळीची खूण) म्हणून वापरला तर? तो तर प्रत्येक गाडीला वेगळाच असतो.

गंगापूर_रोडची_ताई

चांदवडची एखादी पिकअप सकाळी एक खेप आणि दुपारी दुसरी खेप घेऊन आली तर? दुपारची ओळ सकाळच्या ओळीवर बसेल. आकडा आपोआप वाढणारा घे, गाडी नंबर हा नुसता एक रकाना.

फ्लटरवाला_इंदिरानगर

मध्येच तोंड घालतो. मी फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायची दुसरी चौकट) प्रोव्हायडर वापरतो, त्यात हा त्रास नसतो ना?

जुना_सातपूरकर

असतो. प्रोव्हायडर म्हणजे मेमरीतलीच वस्तू; अँड्रॉइडने प्रोसेस मारली की डार्टची (फ्लटरच्या भाषेची) सगळी मेमरी गेली. तिथेही कन्स्ट्रक्टरमधून आयडी दे, ओळ एसक्यूलाइटमध्ये (फोनवरच्या डेटाबेसमध्ये) ठेव. पुढच्या स्क्रीनकडून एखादं उत्तर हवं असेल, म्हणजे ‘कोणतं गाव निवडलं’ असलं काही, तर पुशची (पुढची स्क्रीन उघडण्याची) वाट बघायची आणि तिकडून पॉप करताना (परत येताना) ते उत्तर द्यायचं. तेवढ्यासाठी प्रोव्हायडर नको. सविस्तर विचारायचं असेल तर वेगळा धागा काढ, इथे कांद्याचं चाललंय.

कांदाचाळ_कोडर

अकरा दिवसांनी येतोय. आधी एडीबीचं सांगतो. किल मारलं, परत उघडलं, नाव कोरं, भाव शून्य. हुबेहूब दिवाणजी सांगत होते तसं. त्याच संध्याकाळी त्यांना फोन करून चूक माझी होती म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मी तेच म्हणत होतो," आणि फोन ठेवला.

रूम लावलं. सुरुवातीला मेन थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या धाग्यावर) क्वेरी चालवायची परवानगी देऊन पळवाट काढली होती, मग ताई बघतील म्हणून सगळं सस्पेंड फंक्शनमध्ये (स्क्रीन न अडवता थांबू शकणाऱ्या) नेलं. ‘चालूगाडी’ची फाइल डिलीट केली तर ३७ ठिकाणी लाल रेघा. एकेक ठिकाणी जाताना कळत गेलं की मी ती कुठे कुठे हात घालून बदलत होतो.

वाटेत दोनदा आपटलो. फ्लोमधून नवी ओळ आली की मी प्रत्येक रकान्यात मजकूर परत बसवत होतो, त्यामुळे भाव टाइप करताना कर्सर उडी मारून सुरुवातीला जायचा आणि १४०० चं भलतंच काहीतरी व्हायचं. आता रकान्यात बोट असेल तर त्याला हात लावत नाही. दुसरं फोटोचं. प्रोसेस मेली तरी कॅमेऱ्याचं ‘झालं’ हे उत्तर नव्या स्क्रीनला बरोबर मिळालं, पण फोटो कोणत्या फाइलमध्ये ठेवायला सांगितला होता तेच अ‍ॅप विसरलं होतं, कारण पत्ता एका साध्या व्हेरिएबलमध्ये होता. मग फाइलचं नावच ओळीच्या आयडीवरून ठेवलं. आयडी २१४ असेल तर फोटो २१४ डॉट जेपीजी. लक्षात ठेवायला काही उरलंच नाही.

वजन आधी डबलमध्ये (दशांशात) होतं, ते किलोत पूर्णांक केलं, पैसे पण पैशातच पूर्णांक. एका पट्टीत शेवटी ९९ पैसे का येतात हे कोडं त्यात सुटलं.

आणि एक न मागितलेली चीज झाली. सगळ्या अर्ध्या ओळी टेबलात पडून असतात म्हटल्यावर मी त्यांची एक यादी काढली, पहिलीच स्क्रीन: ‘खळ्यावर उभ्या गाड्या’. गाडी नंबर, शेतकरी, आणि पुढे ‘भरलेली झाली, रिकामी बाकी’. काल दुपारी मामा दिवाणजींच्या खांद्यावरून वाकून तीच बघत होते, आणि हमालांना ओरडून सांगत होते की ती चांदवडची पिकअप पाऊण तास का उभी आहे.

ताई, ती पिकअप दुपारची दुसरी खेप होती. सकाळची ओळ तिच्या जागी शाबूत आहे.

निफाडचे बाबा परवा परत आले होते. दिवाणजींनी पट्टी दिली, त्यांनी खिशातून चष्मा काढला, बाकी काही न वाचता बोट सरळ रिकाम्या गाडीवर ठेवलं. १,७२५. "डिझेल भरलंय आज," म्हणाले आणि पट्टी घडी करून टोपीत ठेवली.

चोपडी अजून गादीवर आहे, दिवाणजी दोन्हीकडे लिहितात. आता ब्लूटूथ प्रिंटरवर मराठी अक्षरांऐवजी चौकटी छापल्या जातायत, त्याचा वेगळा धागा काढतो.